भाऊजी, तक्ता माझा चुकला होता

सोमवारी सकाळी सातच्या एसटीने तुम्ही पौडला गेलात. साडेदहाला माझ्या शाळेत निरोप आला. दोन वाजता तुम्हाला घरी आणलं. सूर्य मावळायच्या आत सगळं झालं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, बरेच जण तुमच्याविषयी बोलले, भाऊजी. फौजेतली सिग्नलची नोकरी, निवृत्त झाल्यावर पौडला टाकलेलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वस्तीवर वीज आली तेव्हा घराघरांत तुम्ही ओढून दिलेल्या तारा. सगळं खरं होतं. मला बोला म्हणून कुणी म्हटलं नाही, मीही उठले नाही. या घरात थोरली सून म्हणून येऊन मला एकोणीस वर्षं झाली. शाळेत फळ्यापाशी बोलते तेवढंच. चार माणसांत मी बोलत नाही हे सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. तुम्ही एकट्यानं ते कधी धरलं नाही.

म्हणून लिहिते आहे. आपला शेवटचा वाद माझ्या बाजूने अर्धा राहिला. जाण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एक वाक्य बोललात आणि मी उत्तर न देता भात बघायला आत गेले. सकाळी तुमचा डबा भरून दिला, तेव्हाही काही बोलले नाही.

उत्तराला मुदतही आहे. रेडिओवर बोलायचा परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर होता, आणि माणसाबरोबर त्याचा परवाना संपतो. पुण्याचे डॉक्टर, ज्यांची तुमची ओळख आधी हवेतून झाली आणि चेहऱ्याने नंतर, ते रविवारी येऊन तुमचा संच घेऊन जाणार आहेत. परवानेदार नसलेल्या घरात बोलायचा संच ठेवता येत नाही. हा नियम तुम्हीच मला दोन-तीनदा वाचून दाखवला होता. का दाखवत होतात, ते मला तेव्हाही कळत होतं.

तुम्ही फौजेतून आलात आणि वर्षभरात छपरावर बांबू उभे राहिले. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, स्वतःच्या हाताने संच जोडायचा आणि जगातल्या आपल्यासारख्याच हौशी माणसांशी बोलायचं. त्यात व्यापार नाही, राजकारण नाही, दुसऱ्याचे निरोप पोचवायचे नाहीत. मग बोलायचं तरी काय, हे शेजारच्या ज्ञानोबाला शेवटपर्यंत उमगलं नाही. बांधावर उभा राहून तो ओरडायचा, "हवालदार, तुमच्या काठ्यांवर कावळा बी बसंना. धरताय तरी काय त्यांच्यावर?"

"आवाज."

"कुणाचा?"

"जपानचा."

"आमची सून चुलीपाशी काय बोलतीया ते मला ऐकू येत न्हाई, अन् ह्यास्नी जपान ऐकू येतोय!"

जपान तेव्हा क्वचितच यायचा. हौशी लोकांचे लहान उपग्रह होते, पण ते पृथ्वीला धरून, हजार-दीड हजार किलोमीटरवरून जायचे. उघड्या माळावरच्या माणसाला त्यांची वीस मिनिटं मिळत. आपली ताम्हिणीची वस्ती दोन डोंगरांच्या बेचक्यात. आपल्याला सात-आठ मिनिटं मिळायची. एका डोंगराआडून आला, नमस्कार होईतो दुसऱ्याआड गेला. "एसटीच्या खिडकीतनं बोलल्यागत हुतंय," तुम्ही म्हणायचात. "नाव सांगूस्तवर गाडी सुटतीया."

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी टपालाने एक टंकलिखित कागद पाठवला. नवा उपग्रह वर गेला होता. तुम्ही तो कागद घेऊन थेट माझ्याकडे आलात, कारण आकडे माझ्याकडे आणि तारा तुमच्याकडे ही आपली वाटणी आधीपासूनच होती.

"वहिनी, ह्यो गोल फिरत न्हाई. ह्येचं येगळंच कायतरी हाय."

मी पाटावर दोन खिळे ठोकले, त्यांच्याभोवती गाठ मारलेला सैल दोरा घातला आणि दोरा ताणून खडू फिरवला. लांबट वर्तुळ उमटलं. पृथ्वी त्याच्या मधोमध नाही, एका खिळ्यापाशी आहे, असं सांगितलं. एका टोकाला उपग्रह जमिनीपासून चार हजार किलोमीटरवर येतो आणि दुसऱ्या टोकाला साडेपस्तीस हजारांवर जातो. फेरीला बारा तासांना थोडा कमी वेळ लागतो.

तुम्ही खडूच्या रेघेवरून बोट फिरवलंत. "म्हंजी घर एका कडंला अन् रान लांब."

"तसंच."

"मग लांब गेल्यावर आपलं डोंगर त्याला काय अडवणार?" तुम्ही उठलातच. मला जे समजवायला दोन पानं लागली असती ते तुम्ही उठता उठता समजून घेतलंत.

खांब तुम्ही बैलगाडीच्या जुन्या आखावर बसवला, म्हणजे हाताने फिरवता येईल. खाली पत्र्याची तबकडी, तिच्यावर रंगाने अंश. वर बांबूला अॅल्युमिनियमच्या कांड्या. मी पडवीत घड्याळ आणि तक्ता घेऊन बसायचं, "दिशा एकशे दहा, उंची चाळीस" असं सांगायचं आणि तुम्ही खांब वळवायचा.

तक्ता मी असा केला. कागदावर मोठं लांबट वर्तुळ काढलं. फेरी सातशे मिनिटांची, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे सत्तर भाग. वर्तुळाच्या कडेवर दोरा बसवला, मोजला आणि सत्तर सारखे तुकडे पाडले. वाटणी करायची तर दोरीने, आणि सारखी. तुमच्या वडिलांचं वावर दोघा भावांत वाटलं तेव्हा हे आणि तुम्ही बांधावर दोरी धरून होतात आणि गाठी मी मोजल्या होत्या. कुणाच्या वाट्याला वीतभर कमी आलं नाही, याचा मला अभिमान होता. आभाळ मी त्याच हाताने वाटलं.

तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी नुसती खरखर. तुम्ही म्हणालात जोड कच्चा आहे. ताम्हिणीच्या पावसात, फौजेचा रेनकोट घालून, छपरावर बसून तुम्ही जोड नवे केलेत. दुसऱ्या रविवारी पुन्हा खरखर. मग केबलीत पाणी शिरलं असणार. तिसऱ्या रविवारी पुण्याहून आणलेली नवी केबल, आणि खरखर तीच.

"तुमच्या तक्त्यात तर काय न्हाई ना?" छपरावरून विचारलंत.

"तक्ता बरोबर आहे."

"न्हाई, विचारलं आपलं."

"हिशेब आहे तो, भाऊजी. त्याच्यात पाणी शिरत नाही."

हे माझे शब्द आहेत. मला ते अजून पाठ आहेत.

पुढच्या बुधवारी शाळेच्या कपाटात, कुणीतरी देणगी दिलेल्या पुस्तकांत, कॉलेजचं पदार्थविज्ञानाचं एक जुनं पुस्तक सापडलं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं. लांबट वाटेवर फिरणारी वस्तू सारख्या वेळात सारखं अंतर चालत नाही. पृथ्वीपासून तिच्यापर्यंत धरलेली रेघ सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ झाडून काढते. वस्तू पृथ्वीजवळ असते तेव्हा धावते, लांब जाते तेव्हा रेंगाळते. म्हणजे माझ्या तक्त्यात उपग्रह डोंगराआड असायचा तेव्हा खरा केव्हाच वर चढून गेलेला असायचा. आपण तीन रविवार तो जिथून निघून गेला त्या जागेला कान लावून बसलो होतो. अगदी दूरच्या टोकाला तेवढा माझा तक्ता बरोबर होता. पण ते टोक आलं तेव्हा एका रविवारी वीज गेलेली, दुसऱ्या रविवारी तुम्ही केबल सोडून बसलेले, आणि तिसऱ्या रविवारी आपण हात टेकून जेवायला बसलो होतो.

मी आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून सारख्या क्षेत्रफळाच्या पाचरी पाडल्या. तीन दिवस लागले. नवा तक्ता जुन्याच्या जागी खिळ्याला अडकवला. जुना चुलीत घातला. कुणाला काही सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी सकाळी अकराला बारीक शिट्टी ऐकू आली, मोर्सच्या, म्हणजे तारेच्या लिपीतल्या, टिंबांनी तुटणारी. तो उपग्रहाचा स्वतःचा आवाज होता. तुम्ही माइक उचललात, "हॅलो" म्हणालात, आणि पाव सेकंदाने तुमचाच "हॅलो" वरून परत आला. सत्तर हजार किलोमीटरची ये-जा करून आलेला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मी विसरणार नाही. नंतर जपानमधला एक शेतकरी आला. तुम्ही फौजेतल्या इंग्रजीत त्याला भाताची लावणी झाली का विचारलंत, आपल्या आंबेमोहोराचा वास कसा असतो ते सांगितलंत, आणि पाऊस किती ते सांगितल्यावर त्याने आकडा तीनदा परत विचारला. त्या दिवशी उपग्रह सात तास आपल्या डोंगरांच्या वर होता. घाई नावाची गोष्टच नव्हती.

"केबल!" तुम्ही ओरडलात. "म्हनलं न्हवतं, केबल हाय म्हणून!" माझ्या धाकट्या जावेने, यमुनाने, तुमच्या तोंडात गुळाचा खडा घातला. तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "काय वहिनी, केबलच हुती ना?"

मी म्हटलं, "हो."

त्या पावसाळ्यात मी मिळेल ते वाचलं आणि तुम्ही ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलंत. रशियाने हीच युक्ती आधीपासून वापरली होती. त्यांचा देश इतका उत्तरेला की विषुववृत्तावर एका जागी थांबलेला उपग्रह तिथून क्षितिजाला टेकलेला दिसतो. म्हणून त्यांनी आपल्या टेलिफोन-टेलिव्हिजनसाठी लांबट वाटेचे उपग्रह सोडले, ज्यांचं दूरचं टोक त्यांच्या डोक्यावर येतं. एक उतरणीला लागला की दुसरा वर पोचलेला असतो. "गार्ड बदलत्यात तसं," तुम्ही एका वाक्यात उरकलंत. शास्त्रज्ञही याच वाटेने यंत्रं पाठवतात, कारण एका फेरीत जवळचंही मोजता येतं आणि दूरचंही: पृथ्वीभोवतीचे भारित कणांचे पट्टे ओलांडायचे, बाहेर सूर्याकडून येणारा कणांचा वारा मोजायचा आणि परत यायचं. मात्र त्या पट्ट्यांतून रोज जाता-येता यंत्राची स्मरणशक्ती झिजते. "फुकट काय न्हाई," तुम्ही म्हणालात.

एक गोष्ट मात्र तुम्ही मानली नाहीत. मी म्हटलं होतं, आपल्या उपग्रहाचं दूरचं टोक एका जागी राहणार नाही. हळूहळू दक्षिणेकडे सरकेल आणि साडेतीन-चार वर्षांत फिरून परत येईल.

"खिळा ठोकल्यावर वाट सरकंल कशी?"

"पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे. तिची ओढ वाट फिरवते."

"मग रशियाची का न्हाई फिरत?"

"त्यांनी वाटेचा कल त्रेसष्ट अंश ठेवलाय. त्या कलावर टोक जागचं हलत नाही. आपल्याचा कल सव्वीस."

"पुस्तकात हाय का तुमच्या मनात?"

दीड वर्षाचे तक्ते माझ्याकडे आहेत. टोक सरकलं आहे, मी म्हटलं होतं तितकंच. तो वाद मी जिंकले होते, एवढं इथे नोंदवून ठेवते.

दुसरा वाद परीक्षेचा. चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला तुम्ही कोरा अर्ज आणलात. "वहिनी, तक्ता तुमचा, दिशा तुमची, उंची तुमची. अन् हवेत नाव माझं एकट्याचं. ह्ये बरं दिसत न्हाई."

"मला कुणाशी बोलायचंय?"

"बोलायला काय लागतंय? हितनं मी हाय म्हणायचं. फुडचं ती इचारत्यात."

मी अर्ज पुस्तकात ठेवून दिला. तुम्ही दुसरा रस्ता धरलात. जेवताना चमच्याने ताटावर टकटक करायचात. मी ऐकतच नाही असं दाखवायची, आणि भात वाढायची. टकटकीत भाताचा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द असायचा. मग मीठ. मग पाणी. सहा महिन्यांत मी सगळं मोर्स शिकले आणि शिकले असं एकदाही म्हटलं नाही. यमुना म्हणायची, "जेवताय का सुतारकाम करताय?"

मग तो शेवटचा रविवार. डॉक्टरांनी हवेतून कळवलं होतं की पुण्यात परीक्षा आहे. तुम्ही अर्ज शोधून काढलात, माझ्यापुढे ठेवलात, वर पेन ठेवलंत.

"भ्या कशाचं वाटतंया?"

"चुकेल काहीतरी. सगळं जग ऐकत असतं."

"चुकंल!" तुम्ही हसलात, आणि मग हसू थांबलं. "तीन आइतवार मी छपरावर भिजलो ते केबलीपायी न्हाई. ठावं हाय मला. नवा तक्ता खिळ्याला लावला त्याच दिशी बघितला. आकडं समदं बदललं हुतं."

माझ्या हातात पळी होती. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हणून थांबलो. दीड वरीस झालं. वहिनी, चुकलं म्हणायला बी तोंड उघडावं लागतंय."

मी भात बघायला गेले. भात मघाशीच झाला होता.

तर हे उत्तर. तक्ता माझा चुकला होता. तीन रविवार तुम्ही माझ्या चुकीपायी भिजलात, आणि चौथ्या रविवारी मी "हो" म्हणाले ते खोटं होतं. केबलीला काही झालं नव्हतं.

का सांगितलं नाही, तेही सांगते. आमच्या वस्तीतून शिकून मास्तरीण झालेली मी पहिली. माझी आई पाटीवरचं एकेक गणित पुसून पुन्हा करायला लावायची. म्हणायची, दुसऱ्याचं चुकलं तर त्याचं चुकलं, तुझं चुकलं तर म्हणतील ह्या लोकांना जमतच नाही. आईने ते मला वाचवायला सांगितलं होतं, आणि मी त्या बळावर इथवर आले. पण त्यामुळे चुकणं म्हणजे काय हे मी शिकलेच नाही. न बोलणाऱ्याची चूक कुणाला ऐकू येत नाही, एवढंच शिकले. फौजेत तुम्हीही आईच्या वाक्यासारखं काहीतरी ऐकलं असणार. आपण त्याविषयी कधी बोललो नाही. तरी तुम्ही रोज हवेत जाऊन मोडक्या इंग्रजीत अर्ध्या जगापुढे चुकत होतात आणि हसत होतात. तुमच्यासमोर मला आईची ती पाटी धरायची गरज नव्हती. आणि तुम्ही दीड वर्षं, ओरडायचा स्वभाव असून, एक शब्द न काढता थांबलात. इतका वेळ माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही.

इथवर लिहून वही मिटली होती. काल रविवार झाला.

डॉक्टर आले. चहा झाला. त्यांनी तुमच्या संचावरून हात फिरवला. यमुना दाराला टेकून होती. म्हणाली, "न्या डॉक्टर. कोण बोलणार हाय आता हितं? आमच्या आक्का तर घरात बी बोलत न्हाईत."

"मी बोलणार आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "परीक्षेला बसताय?"

"अर्ज भरून टपालात टाकलाय. बुधवारी."

"अन् मला कदी सांगणार हुता?" यमुना.

"आत्ता सांगितलं."

आणि मग, तोंड उघडलंच होतं म्हणून, तक्त्याचंही सांगितलं. दोघांना, पहिल्या रविवारापासून. डॉक्टर म्हणाले, त्यांचा पहिला तक्ता तर पूर्व-पश्चिम उलटी धरून केलेला होता, आणि हे त्यांनी आजवर घरात सांगितलेलं नाही. यमुना त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"म्हंजी माझा मानूस उगाच भिजला?"

"हो."

"तीन आइतवार?"

"तीन."

"अन् मी त्यास्नी काढं करून करून मेले!" ती म्हणाली, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. हसता हसता रडली. मग मीही. डॉक्टर अंगणात जाऊन खांबाकडे बघत उभे राहिले.

बोलायचा संच त्यांनी खोक्यात बंद करून नेला. परवाना हातात आला की आणून देईन म्हणाले. ऐकायचा संच ठेवून गेले.

परीक्षेला एक महिना आहे. तोवर आम्ही ऐकतो. आकडे मी सांगते, आणि खांब यमुना फिरवते.